पिट्युटरीचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन ग्रंथीचा) त्रास असलेलं लहान मूल: तापात वाढीव डोस, शाळा आणि प्रवास याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलगा ५ वर्षं ४ महिन्यांचा, उंची ९५ सेंमी. दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करते. चौथ्या आणि पाचव्या खुणेच्या मध्ये माझी दोन बोटंही मावत नाहीत. सासूबाई म्हणायच्या, "याचा बापही उशिराच वाढला." मीही तेच धरून बसले. या वयात वर्षाला साधारण ५-६ सेंमी उंची वाढायला हवी, हे ठाऊकच नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी तो उठेचना. अंग घामाने थबथबलेलं, हाक मारली तर नुसता बघत राहिला. शुगर ३८ निघाली. रात्री नीट जेवला नसेल म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं. पुढे हार्मोनच्या डॉक्टरांनी मात्र आधी जन्माचं विचारलं. पायाळू होता का? जन्मल्यावर शुगर कमी झाली होती का? कावीळ रेंगाळली होती का? तिन्हीला हो. पायाळू म्हणून घरात केवढं कौतुक, कुणाच्या पाठीत उसण भरली की याचा पाय लावून घ्यायचे. या तीन गोष्टी पाच वर्षं कुणीच एकत्र जोडून पाहिल्या नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

डाव्या हाताच्या एक्स-रेवर हाडांचं वय ३ वर्षं आलं. एमआरआयमध्ये पिट्युटरीचा पुढचा भाग लहान, तिचा देठ मध्येच तुटलेला. ग्रोथ हार्मोन, थायरॉइड आणि कॉर्टिसॉल (आजारपणात शरीराला तारून नेणारं हार्मोन), तिन्ही कमी. आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची भरपाई करणारं औषध) सुरू केलं, थायरॉइडची गोळी त्यानंतर. हा क्रम उलटा झाला तर जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं. आता रोज रात्री मांडीत ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शनही असतं.

उंचीचं होईल हळूहळू. माझी झोप उडालीये ती कॉर्टिसॉलपायी. ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट करायचा, उलटीत गोळी पडून गेली तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन देऊन थेट दवाखाना गाठायचा. मी घरी असेन तर करीन. पण शाळेत?

ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनी कृपया सांगा:

शाळेला लेखी काय देता? बाई इंजेक्शनला हात लावायला तयार नाहीत, निदान गोळी तरी देतील का?

हायड्रोकॉर्टिसोनची ५ मिलिग्रॅमची गोळी चार भागांत करताना निम्मा चुरा होतो. कुणी औषधवाल्याकडून मोजून पुड्या करून घेतल्यात का?

दिवाळीला जतजवळच्या गावी जायचंय, एसटीने पाच तास, तिथे वीज सारखी जाते. ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनचं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं कसं? बर्फाला चिकटून गोठलं तर वाया जातं म्हणे.

नंतर भर: पिट्युटरीच्या त्रासात कधी कधी तहान-लघवीही खूप वाढते, ते दोघांनी विचारलंय म्हणून सांगते, तहान आणि लघवी नेहमीसारखीच आहे, सोडियमही ठीक आलंय. आणि कृपया उंची वाढवायची पावडर सुचवू नका. घरच्यांना हे समजावण्यातच माझे दोन महिने गेलेत.