गाव शहराच्या हद्दीत आधी घ्यायचं, की आधी भरू द्यायचं? (चौघांची चर्चा)

बांधावरचा
आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता सरळ येतो, एका आंब्यापाशी काटकोनात वळतो, तीस पावलं जातो आणि पुन्हा काटकोनात वळतो. नवा रिक्षावाला हमखास शिव्या घालतो. शेजारच्या आजोबांनी उलगडा केला. हा दोन भावांच्या शेतांमधला बांध. थोरल्याने जमीन विकली, धाकट्याने नाही, आणि प्लॉटिंगवाल्याने बांध धरून वाट काढली. बैलगाडीपुरती होती ती. आता तिच्यावरून शाळेच्या बस जातात.

माझं म्हणणं एवढंच, की शहराचा नकाशा तिथे शहर येण्याच्या आधीच ठरून गेलेला असतो. पुणे महापालिकेत १९९७ साली ३८ गावं घेतली, विरोध झाल्यावर त्यातली काही वगळली. मग थेट २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३. तेव्हा क्षेत्रफळात पुण्याने मुंबईलाही मागे टाकलं. मधल्या वीस वर्षांत इमारती उभ्या राहिल्या, त्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत, पाणंदीच्या रुंदीवर. आता ड्रेनेज टाकायचं तर कुणाचं तरी कंपाउंड पाडावं लागतं. गाव रिकामं असतानाच घ्यायला हवं होतं.

सातबारा
रिकामं? आम्ही काय हवेत राहत होतो का साहेब?

गुंठ्या-गुंठ्यानं प्लॉट विकण्याला नावं ठेवणं सोपंय. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. पेठेत नाही, कोथरूडला नाही, कुठंच ज्याला घर परवडत नव्हतं, त्या कंत्राटी कामगाराला ह्याच गुंठ्यानं डोक्यावर पत्रा दिला. तुकडेबंदीमुळं, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकायला कायद्यानं असलेल्या बंदीमुळं, तुकडा वेगळा नावावर होत नव्हता, म्हणून एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं. तरी लोकांनी घेतलं, कारण दुसरं होतं काय? आणि गाव घेऊन मिळतं काय ते फुरसुंगी-उरुळीला विचारा. कचरा डेपो आधीपासून होताच, २०१७ ला गावं आत घेतली, घरपट्टी शहराची लागली. शेवटी २०२४ ला वेगळी नगरपरिषद करून बाहेर काढावी लागली.

भूगोलाच्या बाई
दोघंही हद्दीवर भांडताय. शहर हद्द बघून वाढत नाही. समाजशास्त्रज्ञ बर्जेसने १९२५ मध्ये शिकागो पाहून वर्तुळांचं चित्र काढलं, मधे बाजार, भोवती एकेक कडं. वर्गात मी ते फळ्यावर काढते आणि लगेच सांगते, पुण्यावर हे बसत नाही. इथे हॅरिस आणि उलमन या भूगोलतज्ज्ञांचं १९४५ चं अनेक केंद्रांचं चित्र जवळचं. पेठा एक केंद्र, कॅम्प दुसरं. १९५४ ला पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना आला, मागोमाग एमआयडीसीची औद्योगिक वसाहत, ते तिसरं. मग हिंजवडीचं आयटी पार्क. नोकरी उडी मारून पुढे जाते आणि मधली शेतं मागाहून भरतात. तुमचा आंबा त्या ‘मधल्या’त आहे.

शिवाय १९६१ ला पानशेत धरण फुटलं. नदीकाठची माणसं सहकारनगर, लोकमान्यनगरला गेली. कुठल्या आराखड्यात होतं ते?

वाशीकर
‘आधी घ्या’चा प्रयोग आमच्याकडे झालाय. १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी आली, ९५ गावांची जमीन संपादनाला काढली. सेक्टर सरळ, रस्ते रुंद, तुमच्यासारखे काटकोन नाहीत. पण वाशीला लोकल यायला १९९२ उजाडलं. आणि त्या सरळ रस्त्यांखाली काय आहे? जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात मोबदल्यासाठी आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. आजही सेक्टर संपून गावठाण सुरू झालं की गल्ली एकदम अरुंद होते, डोळे मिटून कळतं.

बांधावरचा
संपादन करा असं मी कुठे म्हटलं? नगररचना योजनेचा कायदा या राज्यात १९१५ पासून आहे. सगळ्यांची जमीन एकत्र मांडायची, रस्ते-बागांसाठी प्रत्येकाने थोडी सोडायची, उरलेली चौकोनी करून मालकाला परत. भांबुर्डा, म्हणजे आजचं शिवाजीनगर, याच पद्धतीने आखलं गेलं. तिथे मोठी झाडं आणि सरळ फुटपाथ आहेत ते काही देवाने दिलेले नाहीत. अहमदाबादने हीच वाट सोडली नाही. आपण सोडली, आणि आता हिंजवडीजवळच्या म्हाळुंगे-माणमध्ये पुन्हा शोधतोय.

सातबारा
कागदावर चांगलंय. ज्याचे दहा एकर, तो थोडी सोडेल. ज्याचे चारच गुंठे, तो काय सोडणार? अंगण?

हडपसरच्या मगरपट्ट्याचं उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून मीच देतो. शेतकऱ्यांनी जमिनी न विकता एकत्र केल्या, सुमारे चारशे एकर, आणि स्वतःच शहर उभं केलं. मला त्याचा अभिमान आहे. पण तिथं बहुतेक एकच भावकी, ऐकणारं माणूस होतं. तुमच्या आंब्यापाशी दोन सख्खे भाऊ एका बांधावर बोलत नाहीत, त्यांना एका नकाशावर कोण आणणार?

भूगोलाच्या बाई
हे मात्र खरं. पुस्तकांतल्या आकृत्यांत भावकी कुठेच नसते.

वाशीकर
पण तो आंबा कुठल्या भावाचा?

बांधावरचा
दोघंही म्हणतात, माझा नाही. रस्ता रुंद करायला मोजणी आली, तेव्हा मात्र दोघंही कागद घेऊन हजर होते.