जिजी शेवटी का बोलला नाही?

खिडकीतली: काल नऊ वर्षांच्या लेकीबरोबर जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा 'कीकीज डिलिव्हरी सर्व्हिस' (१९८९) हा ॲनिमेशनपट पाहिला. १३ वर्षांची चेटकीण कीकी रिवाजाप्रमाणे वर्षभरासाठी घर सोडते, झाडूवर बसून समुद्राकाठच्या शहरात येते आणि एका बेकरीच्या आसऱ्याने लोकांचं सामान घरपोच करते. सोबत बोलका काळा बोका, जिजी. एके दिवशी त्याचं बोलणं तिला कळेनासं होतं, मग उडताही येईना. शेवटी उडणं परत येतं, जिजीचं बोलणं नाही.

लेक हुंदके देत म्हणाली, "मोठं झालं की मित्र गप्प होतो? शेवट चुकलाय." मला तिचं पटलं. एवढं सोसलेल्या मुलीला तिचा एकुलता सोबती परत द्यायला हवा होता.

रानवाट: नाही पटलं, ताई. डिस्नेच्या १९९८ च्या इंग्रजी आवृत्तीत शेवटी जिजीच्या तोंडी वाक्य घातलं होतं, आणि त्याने सगळं पातळ झालं. मूळ जपानीत तो तिच्या खांद्यावर चढतो, म्यांव करतो. ती हसून त्याच्या गालाला गाल लावते. तिला काही हरवल्यासारखं वाटत नाही. तोवर बेकरीवाली ओसोनो, जंगलात चित्रं काढणारी उर्सुला, उडण्याचं वेड असलेला मुलगा टोंबो अशी माणसं जोडली गेलीत. जिजीलाही पिल्लं झालीत! उर्सुलाच्या झोपडीतला प्रसंग लेकीबरोबर पुन्हा बघा. तिचीही चित्रं मध्ये अडली होती, आणि चित्रं अडली की उर्सुला हात थांबवते, फिरते, झोपते. मोठं होणं म्हणजे काय, हे इतक्या साधेपणाने सांगणारा प्रसंग मी दुसरा पाहिला नाही.

एक आजी: रानवाट, तुम्ही मोठ्यांच्या बाजूने बोलताय. कीकीला इतर माणसं मिळाली म्हणून जिजीची जागा भरली, हा हिशेब पोरांना मान्य नसतो. माझी मैत्रीण सातवीत शाळा सोडून गेली. नंतर पुष्कळ मिळाल्या. ती जागा रिकामीच आहे. पोरीला रडू द्या.

रानवाट: आजी, रडू नये असं नाही म्हणत. रडू येतं म्हणून शेवट बदलू नये, एवढंच.

खिडकीतली: उर्सुलाचा प्रसंग आणि शेवट आज पुन्हा पाहिला. लेकीचं मत तेच आहे. फक्त झोपताना विचारत होती, "पण कीकीचं बोलणं जिजीला अजून कळतं ना?"