मदत हवी आहे: चालू इंजिनच बंद का केलं? (तैपेई, २०१५)

मंडळी, पुढच्या आठवड्यात कॉलेजातल्या मुलांपुढे या अपघातावर बोलायचंय आणि एका जागी गाडी अडलीय.

४ फेब्रुवारी २०१५. ट्रान्सएशिया या तैवानी कंपनीचं एटीआर ७२-६०० हे दोन पंख्यांचं विमान तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून किन्मेनला निघालं, आत ५८ माणसं. साधारण १२०० फुटांवर उजवीकडचा, म्हणजे २ नंबरचा पंखा आपोआप फेदर झाला. (वल्हं पाण्यात आडवं न धरता धारेने धरावं, तशी पाती वळतात. ओढ संपते, पण अडथळाही फारसा होत नाही.) दोष इंजिनाचा नव्हताच, फेदरचा हुकूम देणाऱ्या डब्यातला डाख तडकला होता. डाव्या इंजिनाची ताकद यंत्रणेने लगेच वाढवलीही. निम्मं काम विमानानेच करून ठेवलेलं! आणि कॅप्टनने मागे ओढला तो डाव्याचा लिव्हर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा). पुढे ते इंजिन बंदच केलं. चूक कळली तेव्हा उंची उरली नव्हती. पुलावरच्या टॅक्सीला पंख लागून विमान कीलुंग नदीत पडलं, ४३ जण गेले.

माझं अडतंय ते इथे: "जो पाय रिकामा, ते इंजिन मेलेलं" हे शिकाऊ पायलटलाही घोकायला लावतात ना? उजवं गेलं की नाक उजवीकडे वळणार, ते सरळ ठेवायला डाव्या पायाने पेडल रेटावं लागणार. मग पायाला कळलं कसं नाही? ऑटोपायलटने झाकलं का?

प्रतिसाद १
ऑटोपायलटवर नका ढकलू, तो कॅप्टनने लगेच काढला होता. आणि पायाचं सोडा, पडद्यावर २ नंबर लिहून आला होता. रीत अशी की आधी विमान सांभाळायचं, मग लिव्हरवर हात ठेवून शेजाऱ्याला "हेच ना?" विचारायचं, त्याने हो म्हटल्यावर ओढायचं. इथे हात आधी गेला. हाच कॅप्टन २०१४ मध्ये सिम्युलेटरच्या परीक्षेत एकदा नापास होऊन फेरपरीक्षेत पास झालेला, अहवालात आहे. जमलं तर इंग्लंडमधल्या केगवर्थच्या १९८९ च्या विमान अपघाताबद्दल वाचा. तिथे जेट होतं, पण बंद केलं ते चांगलंच इंजिन.

धागाकर्ता
आभार! "हात आधी गेला" हे मुलांना पटेल. अजून एक, दोन्ही लिव्हर शेजारी-शेजारीच असतात ना? फळ्यावर काढायचंय.

प्रतिसाद १
हो, दोघा पायलटांच्या मधोमध, जोडीने. डावा १, उजवा २.