कॅसलव्हेनिया ३ : सोबतीला कुणाला घेऊ? मदत हवी आहे

भावांनो, नेटफ्लिक्सवरच्या ‘कॅसलव्हेनिया’ या ॲनिमेटेड मालिकेचे (२०१७ ते २०२१) चारही सीझन संपवले आणि ती ज्यावर बेतलीय तो १९८९ चा तिसरा गेम खेळायला घेतला. लॅपटॉप जुना, ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून जुन्या कॅसलव्हेनिया गेम्सचा संच, ‘ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ घेतला. कोल्हापुरात राजारामपुरीतून सेकंडहँड कंट्रोलर आणलाय, तो बरा चालतो.

गेमचा नायक ट्रेव्हर एका वेळी एकच साथीदार ठेवू शकतो, इथंच घोडं अडलंय. ग्रँट घेतला, भिंतीवर चढतो मस्त, पण बॉसपुढं (टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू) गळपटतो. सायफा घेतली, तिचा बर्फाचा मंत्र नाद खुळा, पण दोन-चार फटक्यांतच मरते. तिसरा साथीदार अल्युकार्ड, त्याच्यासाठी गेममधल्या खालच्या वाटेनं जावं लागतं, तिकडं अजून गेलो नाही. वटवाघूळ होऊन उडतो, पण त्यात हार्ट्स (गोळा केलेले, खास शक्तीला लागणारे बदाम) संपतात म्हणे. सेव्ह स्टेट (हवं तिथं खेळ जपून तिथूनच पुन्हा सुरू करणं) वापरतोय, लाज नाही. जिना चढताना मागून शत्रूचं उडतं मुंडकं येऊन खाली पाडतं, त्यावर तो एकच इलाज!

कलेक्शनमध्ये जपानी आवृत्तीही आहे, तिच्यात ग्रँट खंजीर फेकतो. शेवटच्या ड्रॅक्युलापर्यंत पहिल्यांदाच पोचायचं तर सायफाच ठेवू, अल्युकार्डकडं वळू, की जपानी आवृत्तीत ग्रँटला घेऊन नव्यानं सुरू करू?