झाडांच्या फांद्या-पाला वाहायला कोणती गाडी? (बारदेश-डिचोली-फोंडा पट्टा)

फांदीवाला_म्हापसा: नमस्कार मंडळी. छाटणीची कामं घेतो. आंबा, फणस, गुलमोहर, अकेशिया आणि माड, सगळं मिश्र. माणसं सहा, म्हणजे दोन टोळ्या. आजवर भाड्याच्या गाड्यांवर भागलं, पण पावसाआधीच्या दिवसांत गाडी वेळेवर मिळत नाही, आणि मिळाली तर एका आंब्याला तीन-तीन फेऱ्या पडतात. स्वतःची घ्यायची म्हटली तर टाटा एस, बोलेरो पिकअप की टाटाचा 407 ट्रक? टिपर (हायड्रॉलिकने उचलून माल ओतणारा हौदा) लागेल का? चिपर (फांद्यांचे बारीक तुकडे, म्हणजे चिप्स करणारं यंत्र) अजून घेतलेला नाही. वाटा बहुतेक वाड्यांतल्या, दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या गडग्याच्या.

हौदा_आणि_फाळका: दादा, गाडी ठरवण्याआधी माल काय ते बघा. अख्ख्या फांद्या पोकळ बसतात, घनमीटरला 60 ते 80 किलोच भरतात. टाटा एसचा हौदा साधारण 7 बाय 4.8 फूट. त्यावर 4 फुटांची जाळी चढवली तर पावणेचार घनमीटर जागा होते, म्हणजे फांद्यांचा जेमतेम 300 किलो माल. गाडीची ताकद साधारण 750 किलोची, निम्म्याहून जास्त वाया. पिकअपचा 9 बाय साडेपाच फुटी हौदा साडेचार फूट जाळीने घेरला तर सव्वासहा घनमीटर. तुमच्या वाटांना तीच बरी. 407 गडग्यांमध्ये वळत नाही, ती हमरस्त्यावर उभी ठेवून लहान गाडीने माल तिच्यात ओतायचा. म्हणजे दोनदा भरणं आलं, ते मजुरीत परवडत नाही.

उलट ओंडके आणि चिप्स. ओल्या चिप्सचं वजन घनमीटरला 250 ते 350 किलो. सव्वासहा घनमीटर काठोकाठ भरलं तर दीड ते दोन टन, आणि बहुतेक पिकअपची मर्यादा मॉडेलप्रमाणे 1.3 ते 1.7 टन. म्हणून हौद्याच्या आत रंगाची रेघ मारून ठेवा, चिप्स तिथपर्यंतच. ओव्हरलोडला दंड 20 हजार, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. माल बाहेर लोंबत असेल तर त्याचाही वेगळा 20 हजार आहे, आणि फांद्यांच्या गाड्या त्यातच जास्त अडकतात.

माडाचं_भाट: माडाच्या बाबतीत थोडं वेगळं आहे. 15 मीटर उंच, फूटभर जाडीचा माड ओला असताना टनभर भरतो. त्याचे दीड-दोन मीटरचे तुकडे करा आणि मागच्या आसाच्या पुढे ठेवा. आसाच्या मागे ठेवले तर चढणीला पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पकड सोडतं. चुडतं (माडाच्या झावळ्या) सुटी टाकू नका. 20-25ची मोळी करा, देठ एका बाजूला, काथ्याने दोन ठिकाणी बांधा.

खरं तर चुडतं आणि पाला त्याच भाटात (माडांच्या बागेत) आळ्यात घातला तर फेरीच वाचते, भाटकाराला विचारून बघा. मात्र कुजलेलं खोड तिथे किंवा दुसऱ्या भाटात टाकू नका. गेंडा भुंगा कुजक्या खोडात आणि खताच्या ढिगात अंडी घालतो, लाल सोंड्या भुंगाही आजारी माडाच्या खोडात वाढतो. तुमचीच गाडी तो शेजारच्या माडांपर्यंत पोचवील.

फांदीवाला_म्हापसा: हे लक्षात आलं नव्हतं, धन्यवाद. हौदा हाताने रिकामा करायला पाऊण तास जातो. टिपर घ्यावं का?

हौदा_आणि_फाळका: चिप्स रोज असतील तर घ्या. फक्त फांद्या असतील तर नको. हायड्रॉलिकचं वजन मर्यादेतून कापलं जातं, आणि गुंतलेला ढीग हौदा उचलला तरी चटकन सुटत नाही. त्यापेक्षा दोरखंडाची युक्ती करा. भरण्याआधी एक जाड दोरखंड केबिनकडच्या बाजूला आडवा टाका, दोन्ही टोकं तळावरून मागे आणा. माल भरल्यावर तो दोर ढिगाच्या पुढे राहतो. टाकायच्या जागी दोन्ही टोकं भक्कम बुंध्याला बांधा, मागचा फाळका (हौद्याची झडप) उघडा, पहिल्या गिअरमध्ये सावकाश पुढे जा. सगळा माल एकत्र बाहेर येतो. दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये, तुटला तर जबर मार बसतो.

भरताना बुंधे केबिनकडे, शेंडे मागे. प्रत्येक बेचक्यात करवतीने एक छेद द्या, फांदी सपाट बसते आणि तेवढ्याच हौद्यात बराच जास्त माल जातो. लांबी हौद्यापेक्षा अर्धा फूट कमी. आंब्यावर लाल मुंग्यांची घरटी असतील तर ती आधी वेगळी काढा, नाहीतर हमाल अर्ध्या कामात पळतात (आणि त्यांना दोष देता येत नाही).

चिपरची_पाती: चिपर घ्याल तेव्हा चुडतं एकटी घालू नका. त्यांचे धागे ड्रमला गुंडाळतात. एक चुडत, एक कठीण फांदी असं आलटून-पालटून घाला. चिप्सऐवजी दोऱ्या बाहेर पडू लागल्या की पाती बोथट झाली किंवा एन्व्हिलचं (पात्यासमोरच्या स्थिर पट्टीचं) अंतर वाढलं समजा. भरलेली गाडी रात्रभर उभी ठेवू नका, ओल्या चिप्स तापतात, हौद्याचा पत्राही लवकर गंजतो.

आणि जाळीचे फाळके वेल्ड करू नका, पिनांवर बसवा. पक्का बदल पासिंगला अडतो.

माडाचं_भाट: कागदांचं राहिलं. 1984 च्या गोवा वृक्ष संरक्षण कायद्याखालच्या परवानगीची प्रत केबिनमध्ये असू द्या, अडवलं की आधी तीच मागतात. ओंडके दुसऱ्या तालुक्यात नेणार असाल तर वाहतूक परवान्याचं त्याच वेळी वन खात्यात विचारून घ्या, झाडाच्या जातीवर अवलंबून असतं. चालकाला एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन चालतं, गाडीचं भरलेलं वजन 7,500 किलोच्या आत असेल तर. पिकअप आणि 407 दोन्ही त्यात बसतात.

फांदीवाला_म्हापसा: मग पिकअप, पिनांवरची साडेचार फुटी जाळी आणि दोरखंड. 407 मोठ्या झाडाला भाड्याने. जाळीला किती जाडीची पट्टी घेऊ?

हौदा_आणि_फाळका: 40 मिमी अँगलची चौकट आणि 2 इंची चौकटीची वेल्ड जाळी. त्याहून मोठी भोकं असली की काजूच्या बारक्या काटक्या रस्त्यावर गळतात. वर ताडपत्रीसाठी दर दोन फुटांवर हूक लावून घ्या.