अलार्म बंद करता येतो, पण तो का वाजतोय हे बघायला कसं शिकवू?

प्रश्न

अतिदक्षता विभागात श्वसनोपचार तंत्रज्ञ म्हणून मला ११ वर्षं झाली. सध्या हाताखाली चार नवीन मुलं आहेत. कामाला वाघ आहेत, व्हेंटिलेटरचं बटण न् बटण पाठ आहे. पण परवाच्या रात्रपाळीत जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही.

गुंगीच्या औषधावर, व्हॉल्यूम मोडवर (प्रत्येक श्वासाला ठरलेली हवा) असलेला रुग्ण. हाय प्रेशरचा, म्हणजे हवा आत ढकलताना दाब वाढल्याचा अलार्म सारखा वाजत होता. मर्यादा ४०, आकडा ४६. आमच्या मुलाने येऊन मर्यादा ५५ केली. आवाज थांबला आणि तो पुढच्या बेडकडे गेला.

मी इन्स्पिरेटरी होल्ड दाबून (हवा आत गेल्यावर प्रवाह क्षणभर थांबवून) पाहिलं तर प्लॅटो प्रेशर, म्हणजे खुद्द फुप्फुसातला दाब, फक्त १८. म्हणजे फुप्फुस कडक झालेलं नव्हतं, हवेच्या वाटेतच काहीतरी अडकलं होतं. सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढायची नळी) श्वासाच्या ट्यूबमध्ये मध्येच अडत होता. दोनदा प्रयत्न केल्यावर कफाची घट्ट पिवळी गुठळी निघाली आणि आकडा २४ वर आला. कफ आणखी साचला असता तर ट्यूब पूर्ण बंद झाली असती.

मी विचारलं, "मर्यादा का वाढवलीस?" तो म्हणाला, "ताई, अलार्म वाजत होता."

त्याने टाळाटाळ केली नव्हती, त्याला खरंच तेच आपलं काम वाटलं होतं. ट्यूब सरकली का, अडली का, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साठणं) आहे का, मशीन बिघडलंय का, ही चौकडी त्याला तोंडपाठ आहे. तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितली होती. बेडपाशी उभं राहिल्यावर ती का आठवत नाही? तुम्ही हे कसं शिकवता?

उत्तर १ (भूलतज्ज्ञ)

मी एकच सवय लावतो. एबीजीचा (धमनीच्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा) रिपोर्ट हातात येण्याआधी रुग्णाकडे बघून अंदाज सांगायचा. चुकला तरी चालेल, पण सांगायचाच.

दम्याचा जोरदार झटका, श्वासाचा वेग ३६, वाक्य पूर्ण करता येत नाही. कार्बन डायऑक्साइड किती असेल? एवढ्या वेगाने श्वास घेणाऱ्याचा तो ४० च्या खालीच हवा. मग रिपोर्टवर ४० दिसले की ज्याने आधी अंदाज बांधलाय तो दचकतो, कारण रुग्ण थकत चाललाय. ज्याने अंदाज बांधलेला नाही, तो "नॉर्मल आहे" म्हणून कागद फाईलला लावतो.

उत्तर २ (रात्रपाळीची परिचारिका)

ताई, राग मानू नका, पण त्या मुलाकडे त्या रात्री किती बेड होते?

आणखी एक. आमच्याकडे सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराच्या) रुग्णाला ऑक्सिजन वाढवून सॅच्युरेशन ९८ ठेवा असं सांगण्यात आलं. नवीन मुलगी म्हणाली, "सर, यांना ८८ ते ९२ पुरे ना?" बरोबरच होतं तिचं. सगळ्यांसमोर तिला गप्प केलं. त्यानंतर ती सांगेल तेवढंच करते. डोकं होतं तिच्याकडे, आपणच ते वापरायची भीती घातली.

मूळ प्रश्नकर्ती, आठवड्यानंतर

बेड होते ९. मी हे विचारात घेतलंच नव्हतं, आणि त्याला विचारलं तेही सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन बोलले.

अंदाजाची सवय सुरू केलीय. काल एकाचं सॅच्युरेशन अचानक ८२ दिसलं. तोच मुलगा ऑक्सिजनच्या नॉबला हात लावण्याआधी थांबला. म्हणाला, "रुग्ण शांत आहे, ओठ गुलाबी आहेत, मला ९५ तरी अपेक्षित होतं." मग बोटं चाचपली, गार होती, मॉनिटरवरची नाडीची लाटही सपाट. बोटावरचा प्रोब (सेन्सर) काढून कानाला लावला, ९६.

भूलतज्ज्ञ डॉक्टर, तुम्हाला एक विचारते. तुमच्या हाताखालचा तंत्रज्ञ तुमच्या ऑर्डरवर शंका घेतो तेव्हा ती त्याने कोणत्या शब्दांत मांडली तर तुम्ही थांबून ऐकता? तेच शब्द मला या चौघांना द्यायचेत.