एचआर इंटर्नशिप : रिक्रूटमेंटच्या बाहेरचंही बघा
एचआर म्हणजे मनुष्यबळ विभागातल्या इंटर्नशिपमध्ये काय काम मागावं असं एका ताईंनी इथे विचारलंय, त्यावर एकांनी लिहिलंय की एचआरच्या ट्रेनीला वर्षभर फायली लावायच्या आणि कॅन्डिडेट्सना फोन फिरवायचे एवढंच काम असतं. मला नाही पटलं. माझं वर्ष चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत गेलं, फायली मीही लावल्या, पण त्या वाचल्या ना की कळतं लोकांचे पैसे कुठे कुठे अडकलेत ते. एका काकांचा आधीच्या कंपनीतला पीएफ निघत नव्हता, आधारवर जन्मतारीख एक, पीएफला दुसरीच, आणि जुन्या कंपनीने एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकलेलीच नाही, त्यात मुलीचं लग्न तोंडावर. मग जॉइंट डिक्लरेशन (कामगार आणि कंपनीने मिळून करायचा माहिती दुरुस्तीचा अर्ज) भरा, गावाहून शाळा सोडल्याचा दाखला मागवा, असं सगळं चाललं. एक्झिट डेट तर पीएफच्या शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी आपली आपण पीएफच्या पोर्टलवर टाकता येते, पण हे कामगारांना कुणी सांगतच नाही हो, खूप वाईट वाटतं.

तसंच ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं. पगारातून 0.75 टक्के कापलेले दिसतात म्हणून लोक चिडतात, मालक वरून 3.25 टक्के भरतो आणि त्यावर घरच्यांनाही उपचार मिळतात हे शिफ्ट सुटताना गेटपाशी उभं राहून समजावलं की चेहरेच बदलतात.

म्हणून ज्या ताईंनी विचारलंय त्यांना सांगेन, मॅनेजरकडे पेरोल (पगाराचा हिशेब) आणि कंप्लायन्सचं (पीएफ-ईएसआयसारखे कायदे पाळण्याचं) काम मागून घ्या, आणि दिवसातून एकदा तरी शॉप फ्लोअरवर जाच.